सांडपाण्यातून संजीवनी शोधणारे ब्रोत्सू

सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन ही नावे आज डॉक्टरांच्या चिठ्ठीत सर्रास आढळतात. या सर्व औषधांचे मूळ इटलीतील सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका बुरशीत आहे. ती शोधणारे जुसेप्पे ब्रोत्सू मात्र बहुतेकांना अपरिचित आहेत.

ब्रोत्सू यांचा जन्म १८९५ मध्ये सार्डिनियातील गिलार्त्सा या गावी झाला. कालियारी विद्यापीठात ते आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी हे शहर उद्ध्वस्त झाले. शहराचे सांडपाणी समुद्रात जाई आणि त्याच पाण्यात लोक पोहत. तरीही विषमज्वराचा प्रादुर्भाव अपेक्षेपेक्षा कमी होता. पाण्यातीलच एखादा जीव रोगजंतूंचा नाश करीत असावा, असा तर्क त्यांनी केला.

सांडपाण्याच्या मुखाजवळील पाण्यातून १९४५ मध्ये त्यांनी सेफॅलोस्पोरियम ही बुरशी वेगळी केली. तिच्या अर्काने विषमज्वराचे जंतूही रोखले जात होते. काही रुग्णांना त्याचा गुणही आला. परंतु अर्क शुद्ध करण्याची साधने त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हती आणि इटलीतील औषध उद्योगाने रस दाखवला नाही. अखेर १९४८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष एका स्थानिक पुस्तिकेत छापले आणि एका ब्रिटिश आरोग्य अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांच्याकडे पाठवला.

तेथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांना या बुरशीत अनेक प्रतिजैविके आढळली. ब्रोत्सूंना दिसलेला गुण मुख्यत्वे पेनिसिलिनच्याच एका प्रकाराचा होता. मात्र १९५३ मध्ये हाती लागलेले सेफॅलोस्पोरिन-सी वेगळेच ठरले. पेनिसिलिन निष्प्रभ करणाऱ्या जंतूंच्या विकरालाही ते दाद देत नव्हते. रुग्णालयांत अशा जंतूंनी थैमान घातले असताना हा गुण अमोल होता. त्यावर आधारित पहिली औषधे १९६४ मध्ये बाजारात आली.

ब्रोत्सू पुढे सार्डिनियाच्या प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष आणि कालियारीचे महापौर झाले. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज संशोधक नव्या प्रतिजैविकांसाठी खोल समुद्राच्या तळातील बुरशी तपासत आहेत. ज्या विषमज्वराच्या कोड्याने ब्रोत्सूंना किनाऱ्यावर नेले, त्यावर आता सेफ्ट्रिॲक्सोन वापरले जाते; आणि त्यालाही न जुमानणारे जंतू २०१६ मध्ये पाकिस्तानात आढळले. हातचे औषध निकामी होण्याआधी नवे शोधण्याची निकड त्यामुळे वाढली आहे.