डॉ. मारिया मॉन्टेसरी : मुलाच्या मापाची शाळा



वर्गात मागे पडणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे एकाच अक्षराचे नाव आहे : ‘ढ’. हे नाव एकदा चिकटले की सहसा सुटत नाही. शिक्षक त्याला प्रश्न विचारायचे सोडतात, घरचे आशा सोडतात आणि हळूहळू ते मूलही स्वतःवरचा विश्वास सोडते. आज ज्या बाईंची ओळख करून देत आहे, त्यांनी आपले काम अशाच मुलांपासून सुरू केले. ‘मॉन्टेसरी’ हा शब्द आपण बालवाड्यांच्या पाट्यांवर कितीदा तरी वाचतो. पण ते एका कॅथलिक डॉक्टर स्त्रीचे आडनाव आहे आणि दुसऱ्या महायुद्धाची जवळजवळ सगळी वर्षे त्यांनी आपल्या भारतात काढली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे हिला वाचनाची गोडी होती. मारिया त्यांची एकुलती एक मुलगी. ती लहान असतानाच कुटुंब रोमला आले. मुलीने शिकायचे तर शिक्षिका होण्यापुरते, असा तो काळ होता आणि वडिलांचेही मत तसेच होते. मारियाने मात्र आधी तांत्रिक शाळेत आणि मग वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातले. आई तिच्या पाठीशी उभी राहिली. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर शवविच्छेदनाला बसणे मुलीला शोभत नाही म्हणून तिला ते काम वेगळ्या वेळी, एकटीने करावे लागे. १८९६ मध्ये ती रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. इटलीतील अगदी सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी ती एक.

त्यानंतर विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना डॉ. मारिया रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळांत जाऊ लागल्या. बुद्धीने मंद ठरवलेली मुले त्या काळी मोठ्या मनोरुग्णांबरोबरच ठेवली जात. अशी हकीगत सांगतात की एका ठिकाणी ही मुले जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करत आणि हाताळत बसत. देखरेख करणाऱ्या बाईला ती हावरट वाटत. डॉ. मारियांनी खोलीत नजर फिरवली. हातात घेण्यासारखी एकही वस्तू तिथे नव्हती. मुलांची भूक पोटाची नसून हातांची आणि मनाची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

त्यांनी जुनी पुस्तके धुंडाळली. इतार आणि सेगँ हे दोन फ्रेंच डॉक्टर त्यांना वाट दाखवणारे भेटले. इतार यांनी जंगलात सापडलेल्या एका मुलाला शिकवण्यासाठी वर्षे घालवली होती. सेगँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी खास साहित्य तयार केले होते. या दोघांचे लिखाण डॉ. मारियांनी स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. १८९८ मध्ये तुरीन येथे शिक्षकांची परिषद भरली. अशा मुलांचा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा जास्त आहे, असे त्यांनी तिथे ठामपणे मांडले. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी संस्था निघाली. तिची जबाबदारी त्यांच्याकडे आणि डॉ. जुझेप्पे मोंतेसानो यांच्याकडे आली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात त्या स्वतः मुलांमध्ये असत आणि रात्री दिवसभराच्या टिपणांवर विचार करत.

तिथली एक लहानशी गोष्ट पुढच्या सगळ्या कामाचे मूळ आहे. अकरा वर्षांच्या एका मुलीला शिवण काही केल्या जमत नव्हते. हातात ताकद होती, पण सुई वर-खाली कशी न्यायची हे कळत नव्हते. डॉ. मारियांनी शिवण बाजूला ठेवले आणि तिला कागदी पट्ट्या एकमेकींत वर-खाली गुंफून चटई विणायला दिली. त्यात ती रमली. हात सराईत झाल्यावर तिच्यासमोर पुन्हा सुई-दोरा ठेवला, तेव्हा तिला रफू करता येऊ लागले. शिवणासाठी लागणारी हालचाल तिच्या हाताने आधीच आत्मसात केली होती. अवघड काम समोर ठेवण्याआधी त्या कामाची पायरी बांधून द्यायची, हा धडा डॉ. मारिया इथे शिकल्या. याच रीतीने शिकवलेल्या काही मुलांना त्यांनी सर्वसाधारण मुलांबरोबर लेखन-वाचनाच्या सरकारी परीक्षेला बसवले आणि ती उत्तीर्ण झाली. लोकांनी चमत्कार म्हणून कौतुक केले. डॉ. मारियांना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुले इथवर येतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा इतके मागे का ठेवतात?

या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात एक दुःख होते. डॉ. मोंतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ मध्ये मुलगा झाला, पण दोघांचा विवाह झाला नाही. मारियो नावाचा हा मुलगा गावाकडे दुसऱ्या कुटुंबात वाढला. जगाच्या मुलांसाठी झटणाऱ्या या आईला स्वतःच्या मुलाला जवळ घेता आले ते १९१२ मध्ये तिची आई वारल्यानंतर, तो किशोरवयात आल्यावर. पुढे आयुष्यभर मारियो त्यांचा सर्वांत जवळचा सहकारी राहिला.

१९०१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला नाव घातले. त्यांच्या कामाकडे पाहताना मला सेमिनरीत शिकलेले संत थॉमस अक्वायनस यांचे दोन विचार आठवतात. मनुष्याचे ज्ञान इंद्रियांच्या वाटेने आत येते, हा एक. दुसरा असा की देणारा कितीही देवो, घेणारा आपल्या मापानेच घेतो. विहीर सर्वांची एक असली तरी कुणाच्या हाती कळशी असते, कुणाच्या हाती तांब्या. दोघांच्या पदरात सारखेच ओतायला गेले की तांब्यावाल्याचे पाणी सांडते, आणि आपण दोष तांब्याला देतो.

६ जानेवारी १९०७, प्रभुप्रकटीकरणाचा म्हणजे तीन राजांचा सण. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत एका चाळवजा इमारतीच्या खोलीत डॉ. मारियांनी ‘मुलांचे घर’ सुरू केले. आईबाप दिवसभर कामावर जात. मुले जिन्यांत हुंदडत आणि भिंती खराब करत. इमारतीच्या मालक कंपनीला भिंती सांभाळायच्या होत्या, म्हणून ही खोली मिळाली. तीन ते सहा वर्षांची पन्नासेक मुले आली. बुजलेली आणि रडवेली.

डॉ. मारियांनी त्यांच्यासाठी लहान, हलकी टेबल-खुर्ची करून घेतली आणि मुलांचा हात पोचेल अशा कपाटात साहित्य ठेवले. लाकडी ठोकळ्यातल्या दहा खाचांत बसणाऱ्या दहा दट्ट्या होत्या. एक चुकली की शेवटी एक उरते आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते. बाईंनी ओरडायची गरज उरत नाही. अक्षरे तिने खरखरीत पॉलिश कागदातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल त्यांवरून बोट फिरवी आणि अक्षराचा उच्चार करी, म्हणजे डोळा, कान आणि हात तिघेही एकदम शिकत. त्या वर्षाच्या अखेरीस चार-पाच वर्षांची मुले आपण होऊन खडूने शब्द लिहू लागली. झाडणे, हात धुणे, ताट वाढणे हेही अभ्यासक्रमात होते. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असत, थोरले धाकट्याला दाखवत. एकाला एक धडा महिनाभर पुरे, दुसऱ्याला दोन दिवस. बाईंचे पहिले काम शिकवण्याचे नव्हे तर पाहण्याचे होते : कोणते मूल कुठे अडले आहे आणि त्याला पुढची पायरी कोणती द्यावी. १९०९ मध्ये त्यांनी ही पद्धत पुस्तकात मांडली आणि काही वर्षांतच तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

श्रद्धेचे शिक्षणही त्यांनी याच वाटेने नेले. १९०८ च्या मेस्सिना येथील भीषण भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी रोममधल्या फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या मठात त्यांची शाळा चालली. स्पेनमधील बार्सेलोना येथे मुलांच्या मापाचे लहान प्रार्थनागृह तयार झाले. तिथे मुलांनी स्वतः गहू पेरला आणि द्राक्षवेली लावल्या. वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस कुठून येतो हे त्यांना पाठ करावे लागले नाही, ते त्यांच्या हातांना माहीत झाले. पुढे त्यांनी मुलांना मिस्साबली समजावणारे पुस्तकही लिहिले.

कीर्तीबरोबर संकटेही आली. मुसोलिनीच्या सरकारने आधी त्यांच्या शाळांना आश्रय दिला. मुलांना सरकारच्या साच्यात घालायला त्या तयार नाहीत हे दिसल्यावर १९३४ मध्ये इटलीतील त्या शाळा बंद झाल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि त्यांना बार्सेलोनाही सोडावे लागले. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारियोसह मद्रासला आल्या. अड्यार येथे झालेल्या पहिल्या वर्गाला तीनशेहून अधिक शिक्षक होते. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हे मायलेक ब्रिटिशांच्या लेखी शत्रू ठरले. मारियोला आपल्या अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत ठेवले गेले आणि आईवर अड्यारबाहेर न जाण्याचे बंधन आले. ३१ ऑगस्टला त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मारियोची सुटका करून त्याला आईकडे पाठवण्यात आले. नंतरची काही वर्षे त्या कोडाईकनालला होत्या. मोठ्या मुलांसाठी सृष्टीची सारी कथा एका सूत्रात गुंफणारा अभ्यासक्रम त्यांनी तिथे आकाराला आणला. नेदरलँड्समधील नोर्डवाईक येथे ६ मे १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. तिथल्याच कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

त्यांच्या कामाचा एक धागा आपल्या उत्तर कोकणात येतो. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसरींच्या विचाराने काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला बालवाडी काढली आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत गेल्या. परदेशी धर्तीचे साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य केले. मुले गुरे चारायला जात, शाळेत येत नसत, म्हणून शाळाच कुरणावर नेली. तिचे नाव कुरणशाळा. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राही, म्हणून शाळेला लागून पाळणाघर आणि बालवाडी आली. मॉन्टेसरींच्या साहित्याची नक्कल त्यांनी केली नाही. आधी मुलाकडे पाहायचे, ही त्यांची रीत तेवढी उचलली.

बंधुभगिनींनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी शाळेचे दार उघडले आहे. दिव्यांग मुलांना इतरांबरोबर शिकता यावे अशी तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे. दार कायदा उघडतो, पण आत आलेल्या मुलाला त्याच्या मापाचा धडा देण्याचे काम माणसांचे आहे. आपल्या धर्मग्रामातही असे एखादे घर असेल जिथे मूल उशिरा बोलते, अक्षरे उलटी लिहिते किंवा एका जागी बसत नाही, आणि आईबाप लोकलाजेने त्याला रविवारच्या धर्मशिक्षणाला पाठवत नाहीत. त्या आईबापांना माझे सांगणे आहे की त्याला जरूर पाठवा. आणि धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्या शिक्षक-शिक्षिकांना विनंती आहे की ज्याला प्रार्थना पाठ होत नाही त्याच्या हाती मेणबत्ती द्या, फुले रचायला द्या, चित्र रंगवायला द्या आणि तो कुठे रमतो ते पाहा. पुढची पायरी तिथूनच सापडेल. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत एकही मूल मागे राहू नये.

बालकांना जवळ येऊ द्या असे सांगणाऱ्या प्रभूने हुशार आणि मंद अशी वेगळी रांग लावली नव्हती. आपणही ती लावू नये, एवढी कृपा तो आपल्याला देवो.

आपला,
धर्मगुरू