दर्याचे तांडेल सर पीटर ब्लेक

भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी एका थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. वर्गातल्या मुलांनी लोकमान्य टिळक, महात्मा फुले, सावित्रीबाई सगळे आधीच वाटून घेतले. मला दर्यावर्दी माणूस पाहिजे होता, कारण माझे बाबा मासेमारीच्या होडीवर खलाशी आहेत. तेव्हा गुरुजींनी मला पीटर ब्लेक यांची माहिती वाचून दाखवली. ती मी माझ्या शब्दांत लिहीत आहे. काही मुले हसली की हा कोण, आपल्या पुस्तकात नाही. पण वाचून तर बघा.

पीटर ब्लेक यांचा जन्म १ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूझीलंड देशातील ऑकलंड या शहरात झाला. न्यूझीलंड म्हणजे ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडे समुद्रात असलेली बेटे. त्यांचे घर समुद्राजवळच होते. लहानपणीच त्यांना छोटी शिडाची होडी मिळाली. मोठे झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या अंगणात स्वतः एक होडी बांधली. ते फार उंच होते. होडीच्या आत त्यांना वाकूनच चालावे लागत असेल असे मला वाटते.

त्या काळी एक मोठी शर्यत सुरू झाली. १९७३ साली ती पहिल्यांदा झाली. शिडाच्या होडीने इंग्लंडहून निघायचे आणि सगळ्या पृथ्वीला वळसा घालून परत इंग्लंडला यायचे. मधे मधे बंदरात थांबायचे. दक्षिणेकडे इतका थंड समुद्र असतो की पाण्यात बर्फाचे डोंगर तरंगतात. पीटर पहिल्या शर्यतीला गेले, होडी मोडली. १९७७ साली परत गेले, तेव्हा डोलकाठी मोडली. १९८१ साली ते स्वतः मुख्य झाले, म्हणजे आमच्याकडे तांडेल म्हणतात तसे. तेव्हाही पहिल्याच टप्प्यात, भर अटलांटिक महासागरात, डोलकाठी मोडली! दुसरा कोणी असता तर रडला असता. त्यांनी आणि खलाशांनी उरलेले तुकडे जोडून कशीतरी डोलकाठी उभी केली आणि तशाच होडीने सुमारे चार हजार सागरी मैल जाऊन आफ्रिकेतले केपटाऊन बंदर गाठले. तिथे नवी डोलकाठी बसवली आणि शर्यत पुरी केली. १९८५ साली पुन्हा गेले आणि दुसरे आले.

आता १९८९ ची पाचवी वेळ. होडीचे नाव स्टाइनलागर दोन. रंग लालभडक, डोलकाठ्या दोन. ही शर्यत जवळजवळ साठ हजार किलोमीटर होती. खलाशी निवडताना ते नुसता हुशार माणूस बघत नसत. महिनोन्महिने एका छोट्या जागेत दुसऱ्यांबरोबर राहू शकेल असा माणूस बघत. त्यांच्या होडीवर कोणीही आपले मत सांगू शकत असे. बाबांना हे मी सांगितले तर ते म्हणाले की हेच खरे, जाळे ओढायला कोणीही मिळतो पण दहा दिवस सोबत राहायला माणूस चांगला लागतो. ते असेही सांगतात की बंदर जवळ आले की खलाशी एकतर क्षुल्लक कारणावरून भांडतात, नाहीतर गाणी म्हणतात. सगळे थकलेले असतात ना.

असल्या शर्यतीत पाळीपाळीने झोपायचे. निम्मे लोक वर काम करतात, निम्मे खाली झोपतात. कपडे ओले ते ओलेच. वजन नको म्हणून खाणेसुद्धा वाळवलेले, त्यात पाणी घालून खायचे. आमच्याकडे सुके बोंबील असतात, ते मला बरे वाटतात, पण रोज रोज नाही.

ऑस्ट्रेलियाहून ऑकलंडला येण्याच्या टप्प्यात मोठी गंमत झाली. त्यांच्या मागे न्यूझीलंडचीच दुसरी होडी होती. महासागरात इतके दिवस धावून शेवटी दोन्ही होड्या रात्री एकामागोमाग आल्या. पीटर ब्लेक यांची होडी फक्त सहा मिनिटे पुढे! सहा मिनिटांत आमची प्रार्थना होते. एकाने जरी शीड बदलायला आळस केला असता तर नंबर गेला असता. किनाऱ्यावर इतके लोक जमले होते की रात्र आहे असे वाटत नव्हते.

शेवटच्या टप्प्यात अमेरिका सोडल्यावर डोलकाठीला ताणून धरणारा भाग तुटला. दोन्ही डोलकाठ्या पडल्या असत्या. पण त्यांनी चटकन होडी वळवली, सगळे धावले आणि डोलकाठ्या वाचल्या. सहाच्या सहा टप्पे जिंकून १९९० च्या मे महिन्यात ते इंग्लंडला पोचले. एकूण १२८ दिवस लागले. पाचव्या खेपेला जिंकले.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. ज्यूल व्हर्न नावाच्या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत जगाची सफर करणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली होती. तेवढ्या दिवसांत न थांबता शिडाने खरोखर जग फिरायचे, अशी एक शर्यत निघाली. हिच्यात शेजारी दुसरी होडी नसते, घड्याळाशीच शर्यत. १९९३ साली पीटर ब्लेक आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे निघाले पण पाण्यातल्या कशावर तरी आपटून होडी फुटली. १९९४ साली पुन्हा निघाले. होडीचे नाव एन्झा. दोन लांब होड्या शेजारी शेजारी जोडाव्यात तशी ती होती आणि तीवर फक्त आठ माणसे. वाटेत ब्लेक जोरात आपटले आणि काही दिवस त्यांना पडून राहावे लागले. त्यांचे काम बाकीच्यांनी वाटून घेतले.

सत्तर दिवस झाले. फ्रान्सचा किनारा जवळ आला आणि तेव्हाच मोठे वादळ उठले. लाटा मागून येत होत्या. अशी होडी फार जोरात पळाली तर तिचे नाक लाटेत घुसते आणि ती उलटते. म्हणून त्यांनी होडी हळू व्हावी यासाठी मागे पाण्यात दोर आणि साखळ्या सोडल्या. शर्यत जिंकायची आहे, आणि तरी होडीला मागे ओढायचे! मला हे आधी कळलेच नाही. बाबांनी समजावले की दोर ओढला की होडी लाटेवरून सुटत नाही.

इथे मला आमच्या घरची गोष्ट लिहायची आहे. गेल्या वर्षी वादळ झाले तेव्हा बाबांची होडी दोन दिवस आली नाही. आई उंबऱ्यावरच बसून होती. आजीने चूल पेटवली नाही. मग कळले की तांडेलांनी घरी यायची घाई केली नाही, दुसऱ्या खाडीत आसरा घेतला. सातही जण परत आले. तेव्हा मला तांडेलांचा राग आला होता की लवकर का नाही आणले. आता राग गेला.

एन्झा १ एप्रिल १९९४ रोजी पोचली. ७४ दिवस आणि २२ तास. आधीच्या विक्रमापेक्षा चार दिवस कमी. आठही जण सुखरूप.

पुढे १९९५ साली त्यांच्या चमूने अमेरिका कप ही फार जुनी शर्यत पाच विरुद्ध शून्य अशी जिंकली. तेव्हा ते पत्नी पिप्पा यांनी दिलेले लाल मोजे घालत. मग न्यूझीलंडमध्ये सगळ्यांनी लाल मोजे विकत घेतले. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. नंतर शर्यती सोडून ते समुद्र घाण होऊ नये म्हणून काम करू लागले. सीमास्टर नावाची होडी घेऊन ते दक्षिण ध्रुवाकडे आणि ॲमेझॉन नदीत गेले.

डिसेंबर २००१ मध्ये ब्राझीलमध्ये होडी नांगरलेली असताना रात्री चोर चढले. आपल्या माणसांना वाचवायला त्यांनी बंदूक उचलली, पण चोरांच्या गोळीने ते मेले. वय ५३ होते. त्यांना दोन मुले होती. हे गुरुजी वाचत असताना मी खिडकीबाहेर बघत होतो.

ती होडी मात्र अजून आहे. तिचे नाव आता तारा आहे आणि तिच्यावरून शास्त्रज्ञ समुद्राचा अभ्यास करतात.

खाली मी स्टाइनलागरचे चित्र काढले आहे. आधी सगळ्या खलाशांचे मोजे लाल रंगवले, त्यात माझा लाल खडू संपला. म्हणून होडी अर्धीच लाल आहे.