काका कालेलकर, ‘अ’ची बाराखडी आणि बोलणारा संगणक

वर्ध्यातील जुन्या ग्रंथालयांत राष्ट्रभाषा प्रचार समितीची काही जुनी पुस्तके चाळली, तर ‘इ’च्या जागी ‘अि’ आणि ‘उ’च्या जागी ‘अु’ दिसते. ही छपाईची चूक नाही. त्यामागे दत्तात्रेय बाळकृष्ण ऊर्फ काका कालेलकर यांचा विचार आहे. लिपी यंत्राला पेलली नाही, तर तिच्यातले ज्ञान लोकांपर्यंत पोहोचणार नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

काकांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवू लागले. ती शाळा बंद पडली, तेव्हा त्यांनी हिमालयाची वाट धरली आणि पायी भ्रमंती केली. १९१५ मध्ये शांतिनिकेतनात त्यांची गांधीजींशी भेट झाली व पुढे ते साबरमती आश्रमात दाखल झाले. मातृभाषा मराठी असलेला हा माणूस गुजरातीचा मान्यवर लेखक झाला. गुजराती शुद्धलेखनाला शिस्त लावणारा ‘जोडणीकोश’ १९२९ मध्ये निघाला, त्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता.

१९३० च्या दशकात गांधीजींचे कार्य वर्ध्यात स्थिरावले, तसे काकाही येथे आले. १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कामात ते आघाडीवर होते. त्याआधी, १९३५ च्या इंदूर येथील हिंदी साहित्य संमेलनाने नेमलेल्या नागरी लिपी सुधार समितीची धुरा त्यांच्याकडे आली होती.

त्यांच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. रोमन लिपी थोड्या खिळ्यांत छापता येई. देवनागरीसाठी मात्र काना, मात्रा, जोडाक्षरे धरून जुळाऱ्यासमोर शेकडो खिळे लागत. टंकयंत्रावर तर इतक्या कळा बसवणेच अशक्य. आ, ओ, औ ही अक्षरे ‘अ’ला चिन्हे जोडूनच होतात, मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना वेगळी रूपे कशाला, असा काकांचा साधा हिशेब. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही असाच आग्रह धरला होता. पण वाचकांचा डोळा जुन्या अक्षरांना सरावलेला होता. १९४७ मध्ये उत्तर प्रदेशात नेमलेल्या नरेंद्र देव समितीने ही बाराखडी नाकारली आणि हळूहळू ती मागे पडली.

स्वातंत्र्यानंतर काका राज्यसभेत गेले. १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९६४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २१ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

खिळे गेले, पण काकांचा प्रश्न गेला नाही. आज अंध व्यक्तीच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली असते. तिला अक्षराचा आकार दिसत नाही, त्यामागचा सांकेतिक क्रमांक तेवढा कळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने हा मजकूर मराठीत ऐकता येतो. जुन्या ‘कृतिदेव’सारख्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार चढवलेले असतात. त्यात टाइप केलेला ‘काका’ हा शब्द डोळसाला काकाच दिसतो. वाचक प्रणालीला मात्र तो ‘डी के डी के’ असतो! कागद स्कॅन करून चित्र म्हणून चढवला असेल, तर तिला त्यात एकही अक्षर सापडत नाही. ‘इ’ आणि ‘अि’ यांचा उच्चार एकच. पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी लेखने आहेत. एक शोधले तर दुसरे सापडत नाही.

म्हणजे एखादी सरकारी सूचना संकेतस्थळावर असूनही अंध नागरिकाला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. दवाखान्याचा अहवाल असेल, तर स्वतःचा आजारही आधी परक्याला कळतो. यावरचा पहिला उपाय खर्चिक नाही: मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, स्कॅन केलेल्या चित्रासोबत मूळ मजकूरही द्यावा. यंत्राला जमावे म्हणून काका अक्षरांचे रूप बदलायला निघाले होते. आज अक्षरांना हात लावण्याची गरज नाही. टाइप करणाऱ्याने सवय बदलली, तरी पुष्कळ काम होईल.