खोपोलीचे पाणी, कुलाब्याची संस्था आणि आकाशातले क्ष-किरण

खोपोली सोडून बोरघाट चढू लागले की डोंगराच्या उतारावरून खाली येणाऱ्या जाडजूड पोलादी नळवाहिन्या नजरेस पडतात. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून १९१५ मध्ये खालापूर तालुक्यातील या गावी वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या कापडगिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. सात वर्षांनी शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजकेंद्र उभे राहिले. जमशेटजी टाटांनी पाहिलेले हे स्वप्न त्यांच्या निधनानंतर थोरले चिरंजीव सर दोराबजी यांनी तडीस नेले. त्याची किंमतही कोणीतरी मोजली. पुढच्याच टप्प्यात, भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीत धरण बांधले गेले, तेव्हा बुडणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून केलेला सत्याग्रह महाराष्ट्राला ठाऊक आहे.

या दोराबजींच्या पत्नी मेहरबाई या भाभा घराण्यातल्या. त्यांच्या भावाचा मुलगा होमी खोपोलीची वीज मुंबईत आली तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. आत्याच्या घरी कारखाने, धरणे, पोलाद यांच्याच गोष्टी चालत आणि देशातील थोर माणसांची तेथे ये-जा असे. मोठेपणी देशाच्या प्रश्नांकडे मोठ्या आकड्यांतून पाहण्याची जी सवय डॉ. होमी भाभांच्या ठायी दिसली, तिचे मूळ या घरात शोधणे चुकीचे ठरू नये.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील बॅरिस्टर, आजोबा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख. घरात पुस्तकांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. यंत्र अभियांत्रिकी शिकून मुलाने जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा घरच्यांचा बेत होता. वर्षभरातच मुलाने वडिलांना कळवले, की आपले मन भौतिकशास्त्रात आहे आणि दुसऱ्या कशातही ते रमणार नाही. वडिलांनी आडमुठेपणा केला नाही, पण अट घातली : आधी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायचे, मग हवे ते शिकायचे. होमींनी १९३० मध्ये ती अट पुरी केली आणि दोन वर्षांनी गणितातही पहिला वर्ग मिळवला.

केंब्रिजमध्ये तो काळ मंतरलेला होता. डिरॅक तेथे शिकवत होते, कॅव्हेन्डिश प्रयोगशाळेत रुदरफर्ड होते. न्यूट्रॉन आणि पॉझिट्रॉन हे दोन्ही कण १९३२ या एकाच वर्षी हाती लागले. भाभांनी विषय निवडला तो विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर अखंड येऊन आदळणाऱ्या अतिवेगवान कणांचा. त्यावरील त्यांचा पहिला निबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने एक निराळाच निबंध लिहिला होता. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला शेकडो दीर्घिकांचा एक थवा दिसतो. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने तो थवा एकत्र टिकूच शकला नसता. न दिसणारे काहीतरी त्याला बांधून ठेवत असले पाहिजे, असा झ्विकीचा निष्कर्ष होता. त्याकडे पुढे कित्येक वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. भाभांचा विषय आणि झ्विकीचा विषय यांचा तेव्हा परस्परांशी काही संबंध आहे, असे कोणालाही वाटले नसते.

भाभांचे सर्वांत गाजलेले काम १९३७ मधले, वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबरचे. वातावरणात शिरलेल्या एकाच वेगवान इलेक्ट्रॉनपासून जमिनीपर्यंत कणांची सर कशी कोसळते, याचे कोडे त्यांनी उलगडले. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना त्याचा मार्ग वाकतो, वेग खुंटतो आणि गमावलेली ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. जर्मन भाषेतून आलेल्या ब्रेमस्ट्रालुंग या नावाने भौतिकशास्त्रज्ञ या प्रारणाला ओळखतात. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती जोडी पुन्हा प्रकाशकण सोडते, आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत सर वाढत जाते. गणित किचकट होते, पण चित्र एखाद्या धबधब्यासारखे सुबोध. या प्रारणाची ओळख येथे ठेवून पुढे जाऊ. तेच दीर्घिकांच्या थव्यांपाशी पुन्हा भेटणार आहे.

१९३९ च्या उन्हाळ्यात भाभा सुट्टीसाठी मुंबईस आले आणि सप्टेंबरमध्ये युरोपात युद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली आणि दोराबजी टाटा निधीच्या साहाय्याने विश्वकिरणांसाठी एक छोटे केंद्र सुरू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपताच केंब्रिजला परतावे असाच त्यांचा सुरुवातीचा विचार होता. कोणीही त्यांना दोष दिला नसता. मात्र या चार-पाच वर्षांत तो विचार पालटला.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र पाठवले. मूलभूत संशोधनासाठी देशातच पहिल्या दर्जाची संस्था हवी, आणि काही दशकांनी अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमाला अजून सव्वा वर्षाहून अधिक काळ होता. बंगालच्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या असताना विश्वकिरणांसाठी पैसे मागणे हे धाडसच म्हणायचे. विश्वस्तांनी ते मान्य केले. दोराबजींनी मृत्यूपूर्वी आपली सारी मालमत्ता या निधीला देऊन टाकली होती. त्यांच्या वाट्याच्या टाटा उद्योगांत पोलाद होते तशी घाटाखालची वीजही होती. खोपोली-भिवपुरीच्या पाण्याचे थोडे मोल अशा वळणाने विज्ञानाच्या कामी आले.

टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ रोजी बंगळूरला सुरू झाली आणि वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. तेथून ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये आणि शेवटी कुलाब्याच्या समुद्रकाठी स्थिरावली. कुलाब्याच्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तिथली झाडे, भिंतींवरची चित्रे, इमारतीची रेषा, सगळ्यावर भाभांची नजर होती. ते स्वतः उत्तम चित्रकार होते आणि कुरूप प्रयोगशाळेत चांगले विज्ञान होईल यावर त्यांचा विश्वास नसावा.

विश्वकिरण मोजायचे तर वर जायला हवे. १९४४ मध्ये त्यांनी लष्करी विमानातून उपकरणे पाठवली. पुढे संस्थेत प्लास्टिकचे प्रचंड फुगे तयार होऊ लागले आणि उपकरणे वातावरणाच्या माथ्यापर्यंत पोहोचू लागली. हे कौशल्य फुगे शिवण्याइतके साधे नव्हते. उणे ऐंशी अंशांच्या थंडीत फाटणार नाही असे प्लास्टिक, वाऱ्यांचा अंदाज, उपकरणे खाली उतरल्यावर ती शोधून आणण्याची व्यवस्था हे सारे संस्थेतील तरुण वर्षानुवर्षे शिकले.

भाभा स्वतः मात्र संशोधनापासून दूर जात होते. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा केंद्र सुरू झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. मेघनाद साहांसारख्या थोर शास्त्रज्ञाचा या पद्धतीला विरोध होता. पैसा आणि माणसे मोजक्या संस्थांत एकवटली तर विद्यापीठे ओस पडतील, अशी त्यांची भीती होती. ती अनाठायी नव्हती, हे आपल्या विद्यापीठांतील प्रयोगशाळा पाहून आज कबूल करावे लागते. पण भाभांनी माणसे निवडली आणि निवडलेल्यांना मोकळीक दिली, हेही तितकेच खरे. परदेशातील चार तरुण रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परतण्याचा प्रस्ताव धाडला, तेव्हा १९६२ च्या जानेवारीत त्यांनी तारेनेच होकार कळवला. त्यांतील गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कर्जतच्याच लोहमार्गावरील कल्याणजवळ बत्तीस छोट्या तबकड्यांची दुर्बीण उभारून सूर्याचे वेध घेतले.

त्याच १९६२ च्या जूनमध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने अमेरिकेतून सोडलेल्या अग्निबाणाला वृश्चिक राशीच्या दिशेने येणारे क्ष-किरण सापडले. सूर्यमालेबाहेरचा तो पहिला क्ष-किरण स्रोत. भारतातही त्याच वर्षी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने अवकाश संशोधन समिती स्थापन झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण झेपावला. नव्या खगोलशास्त्राचे दार उघडत होते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि भाभांचे आयुष्य छप्पन्नाव्या वर्षी संपले.

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांच्या संस्थेतील गटाने हैदराबादहून फुग्यातून क्ष-किरण दुर्बीण वर पाठवली आणि वृश्चिकेतल्या त्याच स्रोताचा वेध घेतला. फुगे तेच होते, विश्वकिरणांसाठी तयार झालेले. हिवाळ्यातील निरभ्र रात्री मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक वांगणी-नेरळकडे जातात, तेव्हा माथेरानच्या डोंगरावर ययाती हा तारकासमूह झळकत असतो. त्याच्या दिशेला सुमारे पंचवीस कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दीर्घिकांचा जो थवा आहे, तो क्ष-किरणांत आकाशातील सर्वांत तेजस्वी थवा. पण ते किरण जमिनीवर पोहोचतच नाहीत. वातावरण त्यांना वरच्या वर अडवते आणि नेरळचा कितीही गडद अंधार येथे कामाचा नाही.

डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळून सुटलेल्या उहुरू या उपग्रहाने हे थवे क्ष-किरणांत उजळलेले दाखवले. क्ष-किरण एकेका दीर्घिकेतून नव्हे, तर त्यांच्या मधल्या पोकळीतून येत होते. ती पोकळी रिकामी नव्हती. तिच्यात एक ते दहा कोटी अंश तापमानाचा वायू भरलेला होता, इतका विरळ की एका लिटरमध्ये एखादाच कण सापडावा, तरीही एकूण वस्तुमानात सगळ्या ताऱ्यांच्या कित्येक पट. या वायूतला इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वाकतो आणि क्ष-किरण सोडतो. भाभा-हाइटलर यांच्या सरीतले तेच ते ब्रेमस्ट्रालुंग, फक्त ऊर्जा लाखो पट कमी. पुढे १९७६ मध्ये ययातीतील वायूच्या वर्णपटात लोहाची खूण मिळाली, म्हणजे ताऱ्यांच्या पोटात घडलेले लोखंड स्फोटांबरोबर या वायूत मिसळले होते.

वायूचे तापमान कळले की त्याला धरून ठेवणारे गुरुत्वाकर्षण कळते आणि त्यावरून थव्याचे एकूण वस्तुमान. झ्विकीचे अदृश्य द्रव्य या हिशेबात पुन्हा उभे राहिले. थव्याच्या वस्तुमानात सुमारे पाच भागांतले चार भाग कृष्णद्रव्याचे आहेत, असे आता मानले जाते. थवे वाढतात कसे, हेही क्ष-किरणांनीच दाखवले. लहान थवे एकमेकांवर आदळतात, वायूत आघाताच्या लाटा उठतात आणि तो अधिक तापतो. बंदुकीच्या गोळीच्या आकारामुळे बुलेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थव्यात वायू टकरीत मागे अडकला आणि कृष्णद्रव्य सरळ पार निघून गेले, हे २००६ मध्ये चंद्रा या उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आणि गुरुत्वीय भिंगाच्या मोजणीवरून स्पष्ट झाले. उलट शांत थव्यांच्या गाभ्यातला वायू थंड होऊन त्याचे तारे व्हायला हवेत, पण ते पुरेसे होत नाहीत. मध्यवर्ती कृष्णविवरातून निघणारे झोत त्या वायूत बुडबुडे फुगवून त्याला गरम ठेवतात, असे ययातीच्या छायाचित्रांत दिसते. २०१६ मध्ये हितोमी या जपानी उपग्रहाने तो वायू सेकंदाला सुमारे १६० किलोमीटर वेगाने ढवळला जात असल्याचे मोजले आणि त्यानंतर महिन्याभरातच तो उपग्रह निकामी झाला.

दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या थव्यांची संख्या जवळच्यांशी ताडून पाहिली की विश्वाचा प्रसरणवेग कसा बदलला याचाही अंदाज येतो. त्यासाठी थवे मोठ्या संख्येने हवेत. इरोसिटा या दुर्बिणीच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ते बारा हजारांहून अधिक आहेत. पुण्यातील आयुका आणि आयसर येथील संशोधकांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला चारशे कोटी प्रकाशवर्षांवर ‘सरस्वती’ हा थव्यांचा महाथवा शोधला, तो दृश्य प्रकाशाच्या पाहणीतून.

भारताचा स्वतःचा खगोलशास्त्रीय उपग्रह ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यावरील मृदू क्ष-किरणांच्या दुर्बिणीसाठी सोन्याचा मुलामा दिलेले, कागदासारखे पातळ आरसे कुलाब्याला, भाभांच्या संस्थेत, एकावर एक बसवून तयार केले गेले.