अंकांत रमलेले कापरेकर गुरुजी

भगिनींनो, संतांची व वीरांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. गणित मात्र मुलांच्या दप्तराकडे ढकलतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. तरी ज्यांचे गणित मला घरी पाटीवर करून पाहता आले, अशा एका शिक्षकाची हकीकत येथे देते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनीच त्यांना वाढवले. वडिलांना ज्योतिषाचा नाद होता; त्या आकडेमोडीतून मुलाला अंकांची गोडी लागली. ठाण्यास शाळा व पुण्यास फर्ग्युसन कॉलेज करून ते १९२९ साली पदवीधर झाले. पुढे नाशिकजवळ देवळालीला शिक्षक झाले, ते १९६२ साली निवृत्त होईपर्यंत.

आपल्याकडून माळशेज घाट उतरून कल्याणला गेले की मुंबईच्या वाटेवर डोंबिवली लागते. त्या स्टेशनवर त्यांना काही संख्यांचा विचार सुचला, म्हणून स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले. ११ ला ११ ने गुणले तर १२१ येतात; १११ ला १११ ने गुणले तर १२३२१. असे नऊ एक घेऊन त्यांना तेवढ्यांनीच गुणले, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या येते. यात जादू नाही. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या, की मधल्या घरात नऊ एक जमतात आणि कोठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले तर हातचा येतो व ही शोभा मोडते. या संख्येतील सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नवे!

१९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. १९६२ घेतले तर ९६२१ वजा १२६९, उत्तर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. फार तर सात वजाबाक्यांत हीच संख्या येते, आणि एकदा आली की हलत नाही.

पण पुढची मोठी पदवी नसलेल्या या शाळामास्तरांचे काम आपल्याच विद्वानांपैकी अनेकांना पोरखेळ वाटे. गुरुजींनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. १९६६ साली पत्नी वारली. पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी शिकवण्या केल्या. अंकांचा नाद मात्र सोडला नाही. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले. आज '६१७४' ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

मैत्रिणींनो, वजाबाकी तर आपणा सर्वांना येते. आज रात्री मुलांना जवळ घेऊन पाटीवर चार अंक मांडाच.