समुद्रतळाखालचे थर वाचणारे डॉ. सिद्दीकी

आपल्या तामसीत विहीर खणताना तुम्ही पाहिलेच असेल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग दगड. विहिरीच्या कडेला हे थर पट्ट्यांसारखे दिसतात आणि जाणती माणसे ते बघून पाण्याचा अंदाज बांधतात. पण जिथे डोक्यावर शंभर मीटर पाणी उभे आहे, तिथे तळाखालचे थर कोणी कसे पाहायचे? आपल्या देशात ज्यांनी या कामाला आयुष्य वाहिले, त्यांत डॉ. हसन नसीम सिद्दीकी यांचे नाव आदराने घेतात.

त्यांचा जन्म १९३४ सालचा. भूगर्भशास्त्र शिकून ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात लागले. त्या काळी भूगर्भशास्त्रज्ञ म्हणजे हातात हातोडा घेऊन डोंगर हिंडणारा माणूस. सिद्दीकींनी मात्र बंगालच्या उपसागरातील गाळाचा अभ्यास धरला आणि १९६७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गाळात काय अभ्यासायचे, असे तुम्हाला वाटेल. पण आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी त्याच उपसागरात. म्हणजे पावसाळ्यात आपल्या शेतातून वाहून गेलेल्या मातीचाही तिथे थोडा वाटा आहेच.

पुढे ते गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आले. दोना पावला येथील ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली होती. तिथे त्यांच्या कामाचे मुख्य साधन होते आवाज. या यंत्रविद्येला सोनार म्हणतात. (दागिने घडवणारा सोनार नव्हे, बरे का!) जहाजावरून पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी ०.२ सेकंदात आला, तर जाऊन-येऊन ३०० मीटर झाले, म्हणजे खोली १५० मीटर. आठवीच्या मुलांनी हे गणित वहीत करून पाहावे.

खरी गंमत पुढे आहे. बारीक, तीक्ष्ण आवाज तळावर आपटून परततो. जाड, घुमणारा आवाज सोडला तर त्याचा काही भाग चिखलात शिरतो. मऊ चिखल संपून वाळू लागली, वाळू संपून खडक लागला, की त्या प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा आवाज मागे येतो. जहाज पुढे सरकत राहते, यंत्रातल्या कागदावर रेघांखाली रेघा उमटत जातात, आणि शेवटी विहिरीच्या कडेसारखे चित्र तयार होते. आवाज जितका जाड तितका तो खोल जातो, पण मग पातळ थर वेगळे ओळखू येत नाहीत. दोन्ही एकदम साधत नाही. शिवाय रेघ नुसती सीमा सांगते. ती वाळूची की मुरमाची, हे तळातून नमुना वर काढल्याशिवाय नक्की कळत नाही. म्हणून या कामात घाई करणारा फसतो.

सिद्दीकींनी लक्षद्वीपभोवती पाण्याखाली बुडालेल्या पायऱ्या अभ्यासल्या आणि १९७५ मध्ये त्यांवर लिहिले. एके काळी समुद्र तितका खाली होता, याच्या त्या खुणा. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा खूप पश्चिमेला होता आणि आज जिथे मासेमारीच्या होड्या फिरतात तिथे नद्या वाहत होत्या.

रत्नागिरीजवळच्या समुद्रात काळ्या वाळूचे साठे आहेत. १९७९ मध्ये सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवर निबंध लिहिला. या वाळूत इल्मेनाइट असते, त्यात लोखंड आणि टायटॅनियम. त्यातूनच पांढऱ्या रंगाची पूड बनते. आपल्या वर्गांच्या भिंतींचा पांढरा रंग काळ्या वाळूतून येऊ शकतो, हे मला स्वतःला फार उशिरा कळले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भूगोलात समुद्राचा धडा होता, पण समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्याचे त्यात काय काम, असेच मी समजत होतो.

१९७८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार सिद्दीकींना मिळाला. संस्थेकडे १९७६ पासून ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज होते. गवेषणी म्हणजे शोध घेणारी. २६ जानेवारी १९८१ रोजी या जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बटाट्यासारखे काळे गोळे पहिल्यांदा वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. असा गोळा दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. या शोधमोहिमेच्या पुढाऱ्यांत सिद्दीकी होते. त्याच वर्षी डिसेंबरात गोव्याहून अंटार्क्टिकाकडे निघालेल्या पहिल्या भारतीय मोहिमेतही ते होते.

१९८५ मध्ये ते संस्थेचे संचालक झाले. पण १४ नोव्हेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ऑगस्ट १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या गोळ्यांच्या शोधासाठी भारताच्या नावे नोंदले गेले. अशी नोंदणी मिळवणारा भारत पहिला देश. ज्यासाठी झटले ते नऊ महिन्यांनी घडले आणि ते बघायला सिद्दीकी नव्हते.

जाता जाता पालकांसाठी एक गोष्ट. आदिलाबादचा सिमेंट कारखाना ज्या चुनखडीसाठी उभारला होता, ती पैनगंगेकडची चुनखडी हा अतिप्राचीन समुद्राच्या तळावर बसलेला गाळच आहे. त्या थरांत मँगनीजही सापडते. त्या दगडाचे दोन तुकडे शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ ठेवले आहेत. त्यांवरच्या रेघा बोटाने चाचपून पाहता येतात.