वाद झाला, वैर नाही : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या मंडळींत आजही दोन बाजू पडतात. कुणी म्हणते, बाईंनी अनाथ-विधवांना आसरा दिला. कुणी म्हणते, धर्म सोडला. आणखी एक समज सर्रास आढळतो. ख्रिस्ती झाल्यावर मिशनवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतले आणि पुढची वाट सोपी झाली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बाप्तिस्म्यानंतरचा त्यांचा पहिला मोठा झगडा ख्रिस्ती संस्थेशीच झाला. तो झगडा त्यांनी कसा निभावला, हे यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. तो मुलूख आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईने रमाबाईंना शिकवले. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई भाऊ श्रीनिवासासह पायी देश हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. तेविसाव्या वर्षी पदरात लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठाच्या जोगिणींचे काम पुण्यातही चाले. त्यातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी तिथेच ओळख झाली होती. वाँटेजच्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवला होता. समाजाने टाकलेल्या बाईला कुणी असे मायेने जवळ घेते, हे रमाबाईंनी तिथे पाहिले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी माय-लेकींनी बाप्तिस्मा घेतला.

खटके उडू लागले ते त्यानंतर. मठाची अपेक्षा अशी की आता बाईंनी चर्चची शिकवण निमूटपणे मानावी. पण वेद-पुराणे स्वतः वाचून, पारखून बाजूला ठेवणारी ही बाई बायबलही स्वतःच वाचणार होती. ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा जडली होती, पण त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना, आणि न पटलेले पटले असे म्हणणे त्यांना जमेना. एका पुरोहितशाहीचे जोखड उतरवले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी सिस्टर जेराल्डीनना पत्राने स्पष्ट कळवले. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. स्वतःला न पटलेली मते मनोरमेला शिकवू नयेत, असे त्यांनी बजावले. जेराल्डीन यांना यात गर्व आणि हट्ट दिसे. रमाबाईंच्या आत्म्याची काळजी आपल्यावर सोपवली आहे, या भावनेने त्या अधिकच अस्वस्थ होत.

चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात रमाबाई शिकत आणि संस्कृत शिकवतही. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील यांनी त्यांना समजून घेतले. पण रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा गोष्ट हिंदुस्थानातल्या बिशपांपर्यंत गेली आणि त्यांनी ते अनुचित ठरवले. परस्पर घेतलेला हा निर्णय रमाबाईंना फार लागला. पुण्या-कलकत्त्यात भरसभेत बोललेल्या बाईला हे बंधन मान्य होणारे नव्हते.

तरी पत्रांत त्या जेराल्डीनना ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या. एकाच पत्रात खणखणीत मतभेद आणि घरच्यासारखी माया, दोन्ही असे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच पुढच्या कामाचा पाया घातला. मठ मागे राहिला, पण पत्रव्यवहार त्यांनी तुटू दिला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तिथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, म्हणून काही मिशनरी नाराज. उलट रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, म्हणून पुण्यात १८९३ साली गहजब उडाला. केसरीने टीका केली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. आपला सार्वजनिक गणेशोत्सव आकाराला आला तोच हा काळ, हे आपण विसरू नये. दोन्हीकडून बोल ऐकूनही बाईंनी सदन चालूच ठेवले.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. त्यांची ख्रिस्तनिष्ठा आता आणखी दृढ झाली होती, पण कोणा एका पंथाच्या हुकमाखाली त्या गेल्या नाहीत. मुक्तिसदनात त्यांनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. फुलहॅमला पाहिलेले काम इथे मराठी मातीत रुजले. ज्या मठाशी मतभेद झाले, त्याच्याकडून घेण्यासारखे होते ते त्यांनी मोकळ्या मनाने घेतले.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना समजेल असे बायबल मराठीत आणले. केडगावच्या छापखान्यात ते बायकांनीच छापले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही डोळे मिटले.

सिस्टर जेराल्डीन यांनी ही सारी पत्रे जपून, जुळवून ठेवली होती. १९७७ साली ती पुस्तकरूपाने छापली गेली. त्यांत खुद्द जेराल्डीन यांना फटकारणारी पत्रेही आहेत. रमाबाईंनी नाते तोडले असते, तर ती कुणी जपली असती? मतभेद आपल्या घरांतही होतात आणि मंडळांतही. त्यापायी वर्षानुवर्षे एकमेकांची पायरी न चढणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. यंदा गौरी-गणपतीला अशा एखाद्या घरी आपण होऊन जावे, एवढेच रमाबाईंच्या आठवणीने सुचवावेसे वाटते.